संध्याकाळी घरी जाणारी मुले

सलाईन लागली की उपचार सुरू झाला, असे आपण समजतो. मुलांच्या डे-केअर विभागातल्या नर्सच्या लेखी तोवर सकाळचे निम्मे काम उरकलेले असते आणि बाटली रिकामी झाल्यावरही बरेच काम शिल्लक असते. सकाळी आई-बाबांचा हात धरून यायचे, काही तास शिरेतून औषध किंवा रक्त घ्यायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, अशी ही व्यवस्था आहे. थॅलेसेमियाची मुले साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला येतात. रक्ताच्या कर्करोगाची मुले केमोसाठी येतात, हिमोफिलियाची मुले रक्त गोठवणारा फॅक्टर घ्यायला येतात. गॉशेसारख्या दुर्मीळ आजाराच्या मुलांना शरीरात नीट न बनणारे एन्झाइम दर पंधरवड्याला शिरेतून दिले जाते.

यातली बरीचशी मुले स्वतःच्या पायांनी चालत येतात, पलंगावर बसून गृहपाठ करतात, मोबाइलसाठी हट्ट धरतात. त्यामुळे इथले काम हलके असावे, असा समज होतो. वॉर्डात दाखल झालेल्या मुलाकडे तीन पाळ्यांतल्या नर्स आळीपाळीने चोवीस तास पाहत असतात. इथे तेवढेच बारकाईने पाहणे पाच-सहा तासांत बसवायचे आणि पुढची रात्र आईच्या हवाली करायची, असा मामला असतो. ते हवाली करणे किती नीट झाले, यावर त्या दिवसाचा उपचार सुरक्षित ठरतो.

आधी वजनकाटा, मग औषध

मोठ्या माणसाला बहुतेक औषधे ठरावीक मात्रेत देता येतात. मुलांचे तसे नसते. त्यांची मात्रा किलोवर किंवा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. म्हणून डे-केअरमध्ये शिरल्यावर पहिला मुक्काम वजनकाट्यापाशी. चपला आणि जाड कपडे उतरवून वजन, भिंतीला टेकून उंची. उंचीचे सेंटिमीटर गुणिले वजनाचे किलो, भागिले ३६००, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ, हे पृष्ठभाग काढण्याचे सर्वांत सोपे सूत्र. ११० सेंटिमीटर उंचीच्या, १८ किलोच्या मुलाचा पृष्ठभाग ०.७४ चौरस मीटर येतो. व्हिनक्रिस्टीन हे केमोचे औषध चौरस मीटरला १.५ मिलिग्रॅम द्यायचे, तर या मुलाची मात्रा १.१ मिलिग्रॅम. इथे दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते.

यासाठीच अशा औषधांची तपासणी दोन नर्सनी वेगवेगळी करायची पद्धत आहे. पहिलीने केलेले गणित दुसरीने नुसते पाहून मान डोलवायची नाही. तिने कागद झाकून ते स्वतः नव्याने करायचे. दोघींची उत्तरे जुळली, मुलाचे नाव, नोंदणी क्रमांक, औषध, मात्रा आणि देण्याचा मार्ग जुळला, की मगच पुढे. मुलाचे नाव विचारण्याचीही रीत आहे. ‘तू आदित्य ना?’ असे विचारले तर घाबरलेले मूल कशालाही हो म्हणते. ‘तुझं पूर्ण नाव सांग बघू’ असे विचारायचे आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचे.

वजन होता होता चौकशी चालू असते. सकाळी काय खाल्ले? काल ताप होता का? शी कधी झाली? घरात कुणाला सर्दी-खोकला आहे? मागच्या वेळी घरी गेल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का? वरवर गप्पा वाटणारे हे प्रश्न तपासणीचाच भाग असतात. व्हिनक्रिस्टीनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि पायाच्या नसा दुबळ्या होतात. ‘हल्ली पायातली चप्पल सारखी सुटते,’ असे आई सहज बोलून जाते आणि अनुभवी नर्स ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घालते. पाऊल वर उचलता न येण्याची ती सुरुवात असू शकते.

कधी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि पांढऱ्या पेशी फारच कमी असतात. मग केमो पुढे ढकलावी लागते. रात्रभर प्रवास करून आलेल्या, दिवसाची मजुरी बुडालेल्या बापाला हे सांगायची पाळी बहुधा नर्सवरच येते. उपचार थांबलेला नाही, शरीराला सावरायला वेळ दिला आहे, हे त्याला पटेल अशा शब्दांत सांगणे हाही तिच्या कामाचा भाग आहे.

सुईची भीती खरी असते

मुलाला विचारले तर आजारापेक्षा सुईचे भय मोठे. लहान मुलांच्या शिरा शिवणाच्या दोऱ्यासारख्या बारीक असतात. त्यांवर वर्षानुवर्षे सुया टोचलेल्या असल्या की त्या आणखी कडक होतात, दडून बसतात. मुलांसाठी बहुधा पिवळी किंवा निळी कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, वापरतात. पिवळी अधिक बारीक, २४ क्रमांकाची; निळी तिच्याहून किंचित जाड, २२ क्रमांकाची. शीर निवडतानाही विचार असतो. ज्या हाताने मूल लिहिते-जेवते तो हात शक्यतो मोकळा ठेवायचा. कोपराच्या घडीत सुई लावली तर हात वाकवला की प्रवाह अडतो. चालत्या-फिरत्या मुलाच्या पायाला हात लावायचा तो दुसरा इलाज नसेल तेव्हाच.

‘काही दुखणार नाही’ हे वाक्य या विभागात वर्ज्य असायला हवे. दुखतेच, आणि एकदा खोटे ठरलेल्या माणसावर मूल पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. ‘थोडं टोचेल, पाच आकडे मोजेपर्यंत हात स्थिर ठेव, मग संपलं’ हे खरे आणि पुरेसे. टोचणे सुसह्य करण्याचे उपायही आहेत. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे बधिर करणारे मलम टोचण्याच्या सुमारे तासभर आधी जाड थरात लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवली, तर कातडी बधिर होते. तासभर आधी हे महत्त्वाचे, कारण सुई हातात घेऊन मलम लावण्यात काही अर्थ नसतो. नेहमी येणाऱ्या मुलांच्या आयांना ते घरूनच लावून यायला शिकवता येते.

दुसरा उपाय फुकटचा आहे. मुलाला आडवे पाडून चौघांनी हातपाय दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर, तिच्या कुशीत उभ्या अंगाने बसवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस टोचतानाचा त्रास कमी करण्यासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत हे होते. तान्ह्या बाळांना टोचताना अंगावर पाजत राहावे, हेही त्यात होते. तीच रीत इथे लागू पडते. थोड्या मोठ्या मुलाला साबणाचे फुगे उडवायला द्यावेत. फुंकर लांबवली की श्वास लांबतो आणि अंग सैल पडते. शीर सापडत नसेल तर एका नर्सने दोनदा प्रयत्न करून थांबावे आणि अधिक सरावाच्या सहकाऱ्याला बोलवावे, हा नियम अनेक ठिकाणी पाळतात. थांबण्यात कमीपणा काहीच नाही.

ज्यांना महिनोन्महिने केमो घ्यायची असते, त्यांना कधी पोर्ट बसवतात. छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी आणि तिच्यापासून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी. शीर शोधायचा छळ संपतो, पण जबाबदारी वाढते, कारण ही वाट थेट मोठ्या रक्तप्रवाहात जाते. नळीचे टोपण प्रत्येक वेळी स्पिरिटने निदान पंधरा सेकंद घासायचे आणि वाळू द्यायचे. घाईत ती पंधरा सेकंद वाचवली तर जंतूंना सरळ रक्तात प्रवेश मिळतो.

पहिली पंधरा मिनिटे

थॅलेसेमियाच्या मुलाला किलोमागे साधारण १० ते १५ मिलिलिटर लाल पेशी चढवतात. १५ किलोच्या मुलासाठी २२५ मिलिलिटर धरू. वेग किलोमागे तासाला ५ मिलिलिटर, म्हणजे तासाला ७५. तीन तास लागतील. रक्त देण्याच्या ज्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यात मिनिटाला २५ थेंब पडले की हा हिशेब बसतो. घड्याळाकडे पाहत थेंब मोजणारी नर्स हेच गणित पडताळत असते. पिशवी रक्तपेढीच्या थंड कपाटातून निघाल्यापासून चार तासांत संपली पाहिजे, कारण नंतर तिच्यात जंतू वाढू शकतात. आणि वेग वाढवून लवकर संपवताही येत नाही, कारण दीर्घकाळच्या रक्तक्षयाने थकलेल्या हृदयावर त्याचा ताण येतो. ‘सिस्टर, गाडी पकडायचीय, जरा जोरात सोडा ना,’ या विनंतीला नर्स नकार देते, तो या कारणाने.

चुकीच्या गटाचे रक्त गेले तर गंभीर प्रतिक्रिया पहिल्या काही मिलिलिटरमध्येच दिसू लागते. म्हणून पहिली पंधरा मिनिटे रक्त हळू सोडायचे आणि नर्सने मुलाजवळून हलायचे नाही. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब आधी मोजलेले असतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि नंतर ठरावीक अंतराने मोजत राहायचे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, थंडी वाजली, गांधी उठल्या, कंबर दुखू लागली, श्वास लागला किंवा लघवी गडद झाली, तर पहिले काम एकच: रक्त बंद करायचे. मग नवीन सेट लावून साध्या सलाईनने शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचे, पिशवीवरचे नाव आणि गट पुन्हा पडताळायचा आणि पिशवी फेकून न देता रक्तपेढीकडे परत पाठवायची.

लहान मुलाला ‘कंबर दुखते’ हे शब्दांत सांगता येत नाही. ते चिडचिड करते, गप्प होते, दूध नाकारते. आईला आपले मूल ‘आज वेगळे वाटते’ हे यंत्रापेक्षा आधी कळते. म्हणून पहिल्याच दिवशी आईला सांगायचे, की काहीही वेगळे वाटले तर लगेच हाक मारा, उगाच बोलावले असे आम्ही म्हणणार नाही.

शिरेबाहेर गेलेले औषध

घराघरांत कुंडीत फुलणारी सदाफुली आपल्या ओळखीची. व्हिनक्रिस्टीन याच झाडापासून मिळाले आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही पायाचे औषध आहे. त्याआधी हा आजार झालेले मूल क्वचितच वाचे. आता प्रगत देशांत दहापैकी नऊ मुले पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. उपचार मात्र दोन ते तीन वर्षे चालतो आणि त्याचा मोठा भाग डे-केअरमध्येच पार पडतो.

हेच औषध शिरेबाहेर झिरपले तर आसपासचे मांस जाळते. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे लाल रंगाचे औषधही तसेच. अशी औषधे देण्याआधी नर्स कॅन्युलात रक्त उलट येते का पाहते, सलाईन सोडून फुगते का पाहते, देताना जागेवरून नजर हटवत नाही. तीन वर्षांचे मूल ‘जळजळतंय’ म्हणेलच असे नाही. ते हात झटकते. बँडेज जाडजूड गुंडाळले तर सूज दिसतच नाही, म्हणून सुईची जागा उघडी किंवा पारदर्शक पट्टीखाली ठेवायची. औषध झिरपलेच तर ताबडतोब थांबवायचे, कॅन्युला लगेच न काढता तिच्यातून जेवढे निघेल तेवढे औषध ओढून घ्यायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. शेकण्याचा नियम औषधागणिक उलटा आहे: व्हिनक्रिस्टीनला गरम शेक, डॉक्सोरुबिसिनला थंड.

व्हिनक्रिस्टीनची आणखी एक चूक जीवघेणी आहे. रक्ताच्या कर्करोगात काही औषधे पाठीच्या मणक्यातून द्यावी लागतात आणि ती सिरिंजमध्ये भरलेली असतात. त्याच दिवशी सिरिंजमध्ये भरलेले व्हिनक्रिस्टीन चुकून मणक्यात गेले, तर रुग्ण सहसा वाचत नाही. अशा मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये इशारा दिला, की व्हिनक्रिस्टीन सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून द्यावे. पिशवी मणक्याच्या सुईला जोडायला कुणाचा हात धजावत नाही. माणूस चुकणार हे गृहीत धरून चुकीची वाटच बंद करायची, हा रुग्णसुरक्षेचा सर्वांत शहाणा धडा आहे.

रात्रीची नर्स म्हणजे आई

कॅन्युला काढली, जागा दाबून धरली, पट्टी लावली. आता निघायचे. याच घाईच्या वेळी सर्वांत महत्त्वाचे बोलणे व्हायचे असते.

केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात ताप हे एकच लक्षण धोक्याचे असू शकते. पू होत नाही, सूज येत नाही, मूल हसतही असते. थर्मामीटरवर एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ अंश ताप दिसला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, असे मानतात. मोजण्याआधीच तापाचे औषध पाजू नये, कारण ताप दबतो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळ उठण्याची वाट न पाहता कळवायचे. केमो सुरू असताना तोंडावाटे पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत, हे पल्स पोलिओच्या दिवशी दारात येणाऱ्या आशाताईंना सांगायचे. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. उलटी-लघवी पुसताना दोन दिवस हातमोजे घालायचे.

थॅलेसेमियाच्या घरी दुसरी शिकवण. रक्ताच्या एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि शरीर दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर टाकते. उरलेले लोह हृदय, यकृत आणि ग्रंथींत साठत जाते. ते बाहेर काढणारी गोळी रोज घ्यावी लागते आणि ती चुकवण्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. म्हणूनच ती चुकते. रक्त चढले की मूल टवटवीत दिसते, मग गोळी कशाला, असे घरच्यांना वाटते. महिन्यातून एकदा भेटणारी नर्स ‘किती गोळ्या उरल्या?’ असे विचारते, तेव्हा तिला उत्तराइतकीच आईची नजर महत्त्वाची वाटते. रागावून उपयोग नसतो. रागावले की पुढच्या वेळी खोटे उत्तर मिळते.

हिमोफिलियात तर पालक स्वतःच सुई धरायला शिकतात. गुडघ्यात रक्तस्राव सुरू झाल्यावर फॅक्टर जितक्या लवकर मिळेल तितका सांधा वाचतो. फुलपाखरासारख्या पंखांची बारीक सुई, कुपीत पाणी मिसळण्याची पद्धत, टोचून झाल्यावर पाच मिनिटे दाबून धरणे आणि वहीत नोंद, हे सारे आधी आईला आणि पुढे दहा-बारा वर्षांच्या मुलाला नर्स शिकवते. समोर बसवून, त्यांच्याकडून करवून घेऊन. ‘समजलं ना?’ विचारले की सगळेच ‘हो सिस्टर’ म्हणतात. ‘मला परत करून दाखवा’ म्हटले की काय समजले ते कळते.

घर किती लांब आहे?

संध्याकाळी घरी जायचे, ही कल्पना घर जवळ आहे असे धरून चालते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून रुग्ण येतात. ज्याचे घर हजार किलोमीटरवर आहे, त्या मुलाला रात्री ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक कुठून मिळणार? म्हणून उपचाराइतकाच निवाऱ्याचा प्रश्न मोठा ठरतो. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचार चालू असलेल्या मुलांना पालकांसह विनामूल्य राहायची सोय देते. स्वच्छ खोली, स्वयंपाकघर आणि रुग्णालयाजवळचा पत्ता, हे औषधाइतकेच कामाला येते.

दुसरा मार्ग म्हणजे उपचारच घराजवळ नेणे. नाशिक, सातारा, अमरावती आणि ठाणे इथल्या जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी डे-केअर केंद्रे सुरू झाली, ती याच गरजेतून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या तिन्ही आजारांचा समावेश आहे, हेही पालकांना बहुधा नर्सकडूनच पहिल्यांदा कळते.

अशा केंद्रात पलंग आणि पंप आणले की झाले, असे समजणे घातक आहे. एका नर्सकडे एकाच वेळी दहा मुले आली, तर पहिली पंधरा मिनिटे कुणाजवळ थांबायचे हे तिला ठरवता येत नाही, आणि निघताना आईशी बोलणे तर पहिल्यांदा गळते. सूचनांचा कागद हातात देऊन ते भरून निघत नाही. नर्सची संख्या, मुलांच्या शिरांवर बसलेला हात आणि पालकांना शिकवण्यासाठी राखून ठेवलेला वेळ, हे खर्चाच्या यादीत यंत्रांच्या वर असले पाहिजे.

पालकांनी आपल्याकडून इतके करावे. मुलाच्या उपचारांची एक वही ठेवा: तारीख, वजन, औषध, झालेला त्रास. केमो सुरू असेल तर मुलाचा आजार, औषधे, रुग्णालयाचा फोन आणि ‘ताप आल्यास तातडीने शिरेतून अँटिबायोटिक द्यावे’ हे डॉक्टरांकडून लिहून घेतलेले पत्र कायम जवळ बाळगा. गावच्या दवाखान्यात तेच उपयोगी पडेल. सलाईनचा वेग स्वतः बदलू नका. औषधाचे नाव विचारायला संकोच करू नका. चांगल्या नर्सला असा प्रश्न आवडतो. आणि निघण्याआधी हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय गेटबाहेर पडू नका: आज काय दिले, घरी काय दिसले तर घाबरायचे, आणि रात्री फोन कुणाला करायचा.